डोळ्याजवळचे कॅल्शियम : वाचकांचे प्रश्न, नेत्रतज्ज्ञांची उत्तरे

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत ‘कॅल्सिफिकेशन’ हा शब्द वारंवार येऊ लागला आहे. अपघातानंतर, चक्कर आल्यामुळे किंवा सायनसच्या त्रासासाठी डोक्याचा सीटी स्कॅन काढला जातो, मूळ शंका फिटते, आणि रिपोर्टच्या तळाशी असलेली डोळ्याजवळ कॅल्शियम साठल्याची एक ओळ मात्र घरातल्या सगळ्यांची झोप उडवते. म्हणून या अंकात केवळ याच विषयावरील पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत. पत्रावरून निदान करता येत नाही. आपल्या डॉक्टरांशी बोलताना काय विचारावे हे कळावे, इतक्यापुरतीच ही उत्तरे आहेत.

प्रश्न : माझे वय ५४ वर्षे आहे. दोन महिन्यांपूर्वी दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागला, म्हणून सीटी स्कॅन काढला. मेंदूत रक्तस्राव नाही, कवटीला तडा नाही. मात्र रिपोर्टमध्ये ‘दोन्ही बाजूंच्या ट्रॉक्लियामध्ये कॅल्सिफिकेशन’ असे लिहिले आहे. मला डोळ्याचा कसलाही त्रास नाही. तरीही घरच्यांनी माझे दूध आणि हाडांच्या डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या असून तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढावा असा त्यांचा आग्रह आहे. ही गाठीची सुरुवात आहे का? (एक वाचक, कराड)

उत्तर : आपण दिलेले वर्णन जसेच्या तसे धरले, तर ही गाठ नव्हे आणि गाठीची सुरुवातही नव्हे.

भुवईच्या आतल्या टोकाखाली, नाकाच्या मुळाशी, खोबणीच्या कडेच्या किंचित आत बोटाने हलकेच चाचपून पाहा. त्या जागी हाडाला चिकटलेली, कूर्चेची बनलेली एक इवलीशी कडी असते. नेत्रगोल हलवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एक स्नायू खोबणीच्या मागच्या टोकापासून निघून पुढे येतो, त्याची दोरीसारखी शिर या कडीतून ओवली जाते, तेथे वळते आणि मागे जाऊन नेत्रगोलाला चिकटते. विहिरीवर पोहरा ओढताना दोर कप्पीवरून वळतो आणि ओढण्याची दिशा बदलते, तोच प्रकार येथे आहे. ट्रॉक्लिया या लॅटिन शब्दाचा अर्थही कप्पी असाच आहे. आपण पायऱ्या उतरताना किंवा वाचताना नजर खाली वळवतो तेव्हा ही कप्पी काम करत असते, आणि हे काम जन्मभर चालते. बरगड्यांच्या टोकांची कूर्चा किंवा घशातील स्वरयंत्राची कूर्चा जशी वयानुसार कॅल्शियम धरून कडक होते, तशीच ही कडीही होते. डोक्याचे स्कॅन बारकाईने पाहिले तर प्रौढ माणसांत साधारणपणे दहांत एकाला तरी ही खूण सापडते. पुरुषांत ती अधिक दिसते आणि वयाबरोबर तिचे प्रमाण वाढते. आपल्या बाबतीत ती दोन्ही बाजूंना, नेमक्या कप्पीच्या जागी आहे. ही बाब निर्धास्त करणारी आहे.

मग रेडिओलॉजिस्टने ती लिहिली कशासाठी, हा प्रश्न आपल्या मनात येणे साहजिक आहे. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक ऊतीच्या घनतेला एक आकडा मिळतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, ताजे रक्त ५० ते ७०, आणि हाड व कॅल्शियम शेकड्यांत. या मापाला गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचे नाव दिलेले आहे. त्यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या डोक्याचा स्कॅन लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी झाला, आणि १९७९ मध्ये त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळातील स्कॅनचे काप इतके जाड असत की मोहरीएवढा कॅल्शियमचा कण त्यांत हरवून जाई. आजची यंत्रे एक मिलिमीटरपेक्षाही पातळ काप घेतात, त्यामुळे जे पूर्वीही होते तेच आता दिसू लागले आहे. जे दिसले ते नोंदवणे हे रेडिओलॉजिस्टचे कर्तव्य आहे, आणि त्यांनी ते नोंदवले याबद्दल मला समाधानच वाटते. मात्र रिपोर्टमधील वर्णन म्हणजे रोगाचे नाव नव्हे. कॅल्शियम कोठे आहे, माणसाचे वय काय आहे आणि त्याला त्रास काय आहे, हे एकत्र पाहिल्यावरच त्या ओळीचा अर्थ लागतो.

आता दूध आणि गोळ्या. शरीरात नको त्या जागी कॅल्शियम साठण्याचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. पहिल्या प्रकारात रक्तातील कॅल्शियम अगदी योग्य प्रमाणात असते, पण झिजलेल्या, जुन्या किंवा कधी काळी दुखावलेल्या ऊतीत ते मुरते. दुसऱ्या प्रकारात मूत्रपिंडाचा दीर्घ विकार किंवा पॅराथायरॉइड ग्रंथीचा दोष यांमुळे रक्तातीलच कॅल्शियम किंवा फॉस्फरस वाढते आणि ते निरोगी ऊतींतही उतरू लागते. आपली खूण पहिल्या प्रकारातली आहे. ती दूध प्यायल्याने आलेली नाही आणि दूध सोडल्याने जाणार नाही. हाडांच्या डॉक्टरांनी गोळ्या काही कारणाने दिल्या असतील. त्यांना न विचारता त्या बंद ठेवू नयेत. नुकसान झालेच तर ते या बंदीमुळेच होईल, कप्पीतील कॅल्शियममुळे नव्हे.

केवळ या खुणेसाठी पुन्हा स्कॅन काढण्याचे कारण मला दिसत नाही. डोक्याच्या एका सीटी स्कॅनमध्ये साधारण २ मिलिसीव्हर्ट एवढा किरणोत्सर्ग मिळतो. जमीन, हवा आणि आकाशातून आपल्याला वर्षभरात नैसर्गिकरीत्या मिळणारा किरणोत्सर्ग जगाच्या सरासरीने २.४ मिलिसीव्हर्ट आहे. एका स्कॅनचा धोका फार लहान असला, तरी ज्यातून नवे काही कळणार नाही त्यासाठी तो पत्करू नये.

एक गोष्ट मात्र करून घ्यावी. चाळिशीच्या आतील व्यक्तीत ट्रॉक्लियाचे कॅल्सिफिकेशन मधुमेहाच्या जोडीने आढळू शकते, असे निरीक्षण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहे. आपले वय त्यापुढचे आहे, परंतु चौपन्नाव्या वर्षी रक्तातील साखर तपासणे असेही आवश्यकच असते. तसेच वर पाहताना भुवईच्या आतल्या कोपऱ्यात दुखू लागले, त्या जागी दाबल्यावर कळ आली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर नेत्रतज्ज्ञांना भेटावे. तो कप्पीचा दाह असू शकतो. त्यावर उपचार आहेत, आणि त्याचा निर्णय तपासणीवरून होतो, कॅल्शियमच्या ठिपक्यावरून नव्हे.

प्रश्न : वय ७३. भोसरीच्या एका कारखान्यात तीस वर्षे फिटर होतो. मणक्याच्या दुखण्यासाठी एमआरआय सांगितला. तेथील फॉर्मवर ‘डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का’ असा प्रश्न होता. मी खरे ते लिहिले की दोनतीनदा कण काढून घेतले आहेत. म्हणून आधी डोळ्यांचा सीटी स्कॅन केला. त्यात दोन्ही डोळ्यांच्या नाकाकडच्या आणि कानाकडच्या बाजूंना बारीक पांढरे ठिपके आले आणि ‘बाह्य वस्तू अथवा कॅल्सिफिकेशन’ असे लिहून एमआरआय थांबवला. पाठ दुखतेच आहे. आता काय करावे? (एक निवृत्त कामगार, पुणे)

उत्तर : आपण फॉर्मवर खरे लिहिले आणि केंद्राने एमआरआय थांबवला, या दोन्ही गोष्टी योग्य झाल्या. एमआरआयच्या चुंबकाची ओढ इतकी प्रबळ असते की नेत्रगोलात रुतून बसलेला लोखंडाचा कण तिच्यामुळे हलू शकतो. पत्र्याचे काम करणाऱ्या एका कामगाराच्या डोळ्यात अशा कणामुळे एमआरआयच्या वेळी रक्तस्राव होऊन त्याची दृष्टी गेल्याची नोंद १९८६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि त्यानंतर हा प्रश्न फॉर्मवर विचारण्याची पद्धत जगभर रूढ झाली.

तरीही आपले वर्णन वाचून मला दुसरी शक्यता अधिक वाटते. सत्तरीच्या पुढे अनेकांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात, म्हणजे श्वेतपटलात, कॅल्शियमचे चपटे चट्टे तयार होतात. त्यांची जागा ठरलेली असते. डोळा आत आणि बाहेर वळवणारे दोन आडवे स्नायू बुबुळाच्या कडेपासून साधारण ५ ते ७ मिलिमीटरवर श्वेतपटलाला चिकटतात, आणि हे चट्टे त्या चिकटण्याच्या रेषेच्या किंचित पुढे असतात. आयुष्यभर डोळा इकडेतिकडे फिरताना स्नायूची ओढ त्याच जागी बसते. ते बहुतेक वेळा दोन्ही डोळ्यांत, जणू आरशात पाहावे तसे सारखे दिसतात. ठिणगी असे मोजून उडत नाही. धातूचे कण चारही जागी नेमके बसावेत, हे जवळजवळ अशक्य आहे.

याची खातरजमा साध्या तपासणीने होते. नेत्रतज्ज्ञ आपल्याला एकदा नाकाकडे आणि एकदा कानाकडे पाहायला सांगून स्लिट लॅम्पखाली, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, श्वेतपटल पाहतील. चट्टा असेल तर राखाडी, किंचित पारदर्शक, लंबगोल डाग तेथे प्रत्यक्ष दिसेल. बाहुली मोठी करून नेत्रगोलाचा आतील भागही पाहता येईल. लोखंडाचा कण इतकी वर्षे नेत्रगोलाच्या आत राहिला असता, तर त्याच्या गंजाने बुबुळाचा रंग, बाहुलीची हालचाल आणि दृष्टिपटल यांवर बहुधा खुणा उमटल्या असत्या. शिवाय स्कॅनवरील आकडे रेडिओलॉजिस्टना पुन्हा पाहण्याची विनंती करावी. धातूची घनता हजारांत जाते आणि त्याच्याभोवती किरणांसारख्या रेषा उमटतात. कॅल्शियमच्या चट्ट्याभोवती तसे होत नाही. नेत्रतज्ज्ञांनी लेखी अभिप्राय दिला आणि रेडिओलॉजिस्ट त्याच्याशी सहमत झाले, तर एमआरआयचा मार्ग मोकळा होतो. हा निर्णय त्या दोघांनी एकमेकांशी बोलून घ्यावा. आपल्याला दोन्हीकडे खेटे घालावे लागू नयेत, असे मला मनापासून वाटते.

आपल्या जुन्या खात्यात आज काम करणाऱ्या मुलांना एक निरोप द्यावा. नेत्रगोल भेदून आत जाणारे कण सर्वांत जास्त वेळा छिन्नीवर हातोडा मारताना उडतात, ग्राइंडरवर नव्हे. म्हणून ‘एकच घाव घालायचा आहे’ म्हणून चष्मा काढून ठेवू नये.

प्रश्न : माझा नातू सोळा महिन्यांचा आहे. वाढदिवसाच्या फोटोंत त्याच्या एका डोळ्याची बाहुली लाल आणि दुसऱ्याची पांढरी चमकताना दिसली. गावातील डॉक्टरांनी डोळ्याची सोनोग्राफी करायला लावली. तीत डोळ्याच्या आत गाठीसारखा भाग आणि कॅल्शियम आहे असे म्हटले आहे. घरातले म्हणतात की मूल लहान आहे, तीन वर्षांचे झाले की मोठ्या शहरात दाखवू. (एक आजी, नांदेड जिल्हा)

उत्तर : हे पत्र मिळताच अंकाची वाट न पाहता पत्रलेखिकेशी दूरध्वनीवर बोलणे झाले असून बाळाला पुढील तपासणीसाठी नेण्यात आले आहे. तरीही पत्र छापत आहोत, कारण या अंकातील इतर उत्तरे वाचून कोणी लहान मुलाच्या बाबतीत निर्धास्त राहू नये.

तीन वर्षांच्या आतील मुलाच्या नेत्रगोलात गाठ आणि तिच्यात कॅल्शियम दिसले, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा कर्करोग आहे असेच धरून चालावे लागते. सुमारे पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो, आणि जवळजवळ सर्व रुग्ण पाच वर्षांच्या आतील असतात. गाठ इतक्या वेगाने वाढते की तिच्या काही भागाला रक्त पुरत नाही. तो भाग मरतो आणि मेलेल्या पेशींत कॅल्शियम साठते. कराडच्या वाचकांच्या कप्पीत वयामुळे साठलेले कॅल्शियम आणि हे कॅल्शियम स्कॅनवर सारखेच पांढरे दिसते, पण अर्थाने ते परस्परविरोधी आहे.

पांढरी बाहुली नेहमी कर्करोगाचीच असते असे नाही. जन्मजात मोतीबिंदू, दृष्टिपटलाच्या रक्तवाहिन्यांचे काही विकार, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या दृष्टिपटलाचा आजार यांतही ती दिसते, आणि फोटो विशिष्ट कोनातून काढला गेला तर निरोगी डोळाही कधी पांढरा चमकतो. पण हा निवाडा बाळाला भूल देऊन दोन्ही डोळे आतून पूर्ण तपासल्यावर तज्ज्ञांनी करायचा असतो, घरात बसून नव्हे. अशा डोळ्यात सुई घालून तुकडा काढू नये, कारण त्या वाटेने गाठ बाहेर पसरू शकते. मेंदू आणि दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस, पाहण्यासाठी सीटीऐवजी एमआरआय निवडतात, कारण ज्यांच्यात हा दोष आनुवंशिक असतो त्या मुलांना किरणोत्सर्ग टाळणे अधिकच महत्त्वाचे असते. साधारण चाळीस टक्के मुलांत तो आनुवंशिक असतो. म्हणून भावंडांचे डोळेही तपासावे लागतात.

आजार नेत्रगोलाच्या आत असतानाच उपचार सुरू झाले, तर बहुतेक मुले वाचतात, आणि केमोथेरपी, लेसर, गोठवण्याचे उपचार किंवा किरणोत्सर्गी चकती यांच्या साहाय्याने अनेकांचा डोळाही वाचतो. उशीर झाला तर डोळा काढावा लागतो. आणखी उशीर झाला तर आजार मेंदूकडे आणि हाडांत जातो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, चेन्नईच्या शंकर नेत्रालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये या आजारावर उपचार होतात. एका डोळ्याची बाहुली पांढरी दिसणे किंवा बाळ नव्याने तिरळे पाहू लागणे, यांपैकी काहीही आढळले तर त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे जावे. सणवार, पेरणी, लग्नकार्य यांपैकी कशासाठीही थांबू नये.

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. डोके दुखते म्हणून डोळे तपासले, तेव्हा ‘नसेला सूज आहे, मेंदूतील दाब वाढला असावा’ असे सांगून तातडीने स्कॅन आणि पाठीतून पाणी काढण्याची तपासणी सुचवली. स्कॅनमध्ये मेंदू ठीक आहे, पण दोन्ही डोळ्यांच्या नसेच्या तोंडाशी कॅल्शियमचे कण आहेत. आता ‘ड्रूझेन’ असे नाव सांगितले आहे. ऑपरेशन करून ते काढता येतील का? पुढे दृष्टी जाईल का? (एक आई, नागपूर)

उत्तर : आपण त्या काही दिवसांत काय सोसले असेल याची मला कल्पना आहे, कारण ही चकवणारी स्थिती अनुभवी डॉक्टरांनाही गोंधळात टाकते. दृष्टिपटलावरून निघणारे लाखो तंतू डोळ्याच्या मागच्या बाजूला एका चकतीपाशी एकत्र येतात आणि दृष्टिचेता बनून मेंदूकडे जातात. ज्यांच्या डोळ्यात ही वाट जन्मतःच अरुंद असते, त्यांच्या तंतूंत गर्दी होते, पेशींतील टाकाऊ द्रव्याची वाहतूक मंदावते आणि त्यावर हळूहळू कॅल्शियमची पुटे चढतात, असे मानले जाते. बालपणी हे कण खोल दडलेले असतात, त्यामुळे चकती केवळ फुगलेली दिसते आणि मेंदूतील दाबाची शंका येते. किशोरवयात ते वर येऊ लागतात. हजारात तीनचार जणांच्या डोळ्यांत ते तपासणीत सापडतात आणि बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत असतात. ड्रूझेन हा जर्मन खाणकामगारांचा शब्द आहे. आतून स्फटिकांनी मढलेल्या खडकातील पोकळीला ते द्रूझ म्हणत. सह्याद्रीच्या काळ्या कातळातील स्फटिकांच्या पोकळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या नावाची समर्पकता पटेल.

ऑपरेशन करून हे कण काढता येत नाहीत, आणि तसा प्रयत्नही करू नये, कारण ते दृष्टीच्या तंतूंमध्येच गुंतलेले असतात. सुदैवाने बहुतेकांची समोरची, वाचण्याची दृष्टी आयुष्यभर चांगली राहते. कडेच्या दृष्टिक्षेत्रात मात्र वर्षानुवर्षांत काही भाग मंद होऊ शकतो, आणि तो रुग्णाला सहसा जाणवत नाही. म्हणून दृष्टिक्षेत्राची चाचणी आणि दृष्टिचेतेच्या तंतूंची जाडी मोजणारी ओसीटी तपासणी वर्षातून एकदा करावी, जुने अहवाल जपून ठेवावेत आणि डोळ्याचा दाब प्रत्येक वेळी मोजून घ्यावा. क्वचित रक्तपुरवठा अचानक खंडित होऊन किंवा दृष्टिपटलाखाली रक्तस्राव होऊन दृष्टी एकाएकी कमी होते. तसे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. पुढच्या तपासण्यांसाठी पुन्हा सीटी काढण्याची गरज नाही. डोळ्याची सोनोग्राफी हे कण छान दाखवते आणि तिच्यात किरणोत्सर्ग नसतो.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे. ड्रूझेन असणे म्हणजे मेंदूतील दाब वाढलेला नाही याचा पुरावा नव्हे. एकाच व्यक्तीत दोन्ही असू शकतात. मुलीचे डोके सकाळी किंवा वाकल्यावर अधिक दुखत असेल, क्षणभर अंधारी येत असेल, वजन झपाट्याने वाढले असेल किंवा मुरमांसाठी टेट्रासायक्लिन गटातील औषध अथवा अ जीवनसत्त्वापासून बनवलेली गोळी सुरू असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे आणि पाठीतील पाण्याच्या तपासणीचा निर्णय त्यांच्यावर सोपवावा. दुसरी गोष्ट अशी की, ही प्रवृत्ती घराण्यात असते. मुलीच्या भावंडांची आणि आपली दोघांचीही चकती एकदा पाहून, फोटो काढून ठेवला, तर पुढे कोणाच्या बाबतीत असा घबराटीचा प्रसंग येणार नाही. उतारवयात दृष्टिपटलावर येणाऱ्या ठिपक्यांनाही ड्रूझेनच म्हणतात. तो वेगळा विषय आहे, त्याची माहिती वाचून मुलीच्या आजाराशी सांगड घालू नये.

प्रश्न : वय ४८. दीड वर्षापासून डाव्या डोळ्याने हळूहळू कमी दिसते, लाल रंग विटल्यासारखा वाटतो. चष्म्याचा नंबर तीनदा बदलला. स्कॅनमध्ये ‘डाव्या दृष्टिचेतेभोवती दोन समांतर रेषांसारखे कॅल्सिफिकेशन’ आले. ओळखीचे म्हणतात की वयाने कॅल्शियम साठतेच. (एक वाचक भगिनी, सोलापूर)

उत्तर : ओळखीच्यांचे म्हणणे येथे मानू नये. आपल्याला त्रास आहे, तो वाढतो आहे, आणि कॅल्शियम अशा जागी आहे जेथे वयामुळे ते साठत नाही. दृष्टिचेतेच्या आवरणातून निघणारा मेनिन्जिओमा हा बहुधा कर्करोग नसलेला, सावकाश वाढणारा ट्यूमर मध्यमवयीन स्त्रियांत अधिक दिसतो, आणि आगगाडीच्या रुळांसारख्या दोन रेषा हे त्याचे ओळखीचे चित्र आहे. रंग फिके दिसणे हे नसेवरील दाबाचे लक्षण आहे, चष्म्याच्या नंबराचे नव्हे. औषध टोचून केलेला एमआरआय आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी लवकर करून घ्यावी व चेता-नेत्रविकारतज्ज्ञांना भेटावे. ट्यूमर आणि नस यांचा रक्तपुरवठा एकच असल्यामुळे शस्त्रक्रियेने उरलेली दृष्टी जाण्याचा धोका असतो. म्हणून दृष्टी टिकून असेल तर नेमक्या जागी, हप्त्याहप्त्याने दिलेल्या किरणोपचारांना प्राधान्य देतात. अशा ट्यूमरवर स्त्री-संप्रेरकांचा परिणाम होऊ शकतो. पाळीच्या तक्रारीसाठी आपण संप्रेरकांच्या गोळ्या घेत असाल, तर ती माहिती पहिल्याच भेटीत द्यावी.

प्रश्न : माझ्या वडिलांचे चार वर्षांपासून डायलिसिस सुरू आहे. डोळे सतत लाल असतात, खुपतात, आणि बुबुळाच्या दोन्ही बाजूंना खडूसारखे पांढरे कण दिसतात. डोळ्यांत टाकायचे थेंब बदलून उपयोग झाला नाही. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : हे बहुधा पहिल्या उत्तरात सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारचे कॅल्शियम आहे, ज्याचे मूळ रक्तात असते. मूत्रपिंड फॉस्फरस बाहेर टाकू शकत नाही, तो रक्तात साचतो आणि कॅल्शियमशी मिळून ऊतींत उतरतो. पापण्यांच्या फटीत उघडा राहणारा डोळ्याचा पट्टा त्याला सर्वांत आधी बळी पडतो, कारण तेथून कर्बवायू उडून जातो, पृष्ठभाग अल्कधर्मी बनतो आणि अशा स्थितीत कॅल्शियमचे क्षार सहज घट्ट होतात. म्हणून थेंबांपेक्षा रक्ताचा अहवाल महत्त्वाचा आहे. कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांचे आकडे मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवावेत, फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाबरोबरच घेतली जाते का ते पाहावे आणि डायलिसिसचा एकही दिवस चुकू देऊ नये. खुपणे कमी करण्यासाठी कृत्रिम अश्रू चालतात. बुबुळावर पांढरा पट्टा येऊन दिसणे कमी झाले, तर ईडीटीए नावाच्या द्रावणाने तो थर विरघळवून काढता येतो.

प्रश्न : पडदा सरकल्यामुळे दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात तेल भरले आहे. परवा घेरी आली म्हणून स्कॅन केला, तर तातडीच्या विभागात ‘डोळ्यात रक्त किंवा कॅल्शियम आहे’ असे सांगून घाबरवले. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : सिलिकॉन तेल सीटीवर रक्ताहून अधिक, साधारण १०० ते १३० इतक्या घनतेचे दिसते आणि सबंध नेत्रगोल भरून टाकते. डोळ्याभोवती बसवलेला सिलिकॉनचा पट्टा आणि काचबिंदूसाठी बसवलेली नळी याही गोष्टी स्कॅनवर पांढऱ्या दिसू शकतात. स्कॅन पाहणाऱ्या डॉक्टरांना आधीच्या शस्त्रक्रियेची माहिती नसेल, तर असा गैरसमज होऊ शकतो. शस्त्रक्रियेच्या कागदाची प्रत पाकिटात ठेवावी आणि कोणताही स्कॅन करण्यापूर्वी ती दाखवावी. तेल दोन वर्षे डोळ्यात आहे, ही बाब मात्र वेगळ्या कारणाने महत्त्वाची आहे. दीर्घकाळ राहिलेल्या तेलामुळे डोळ्याचा दाब वाढू शकतो, आणि काही रुग्णांत बुबुळावर खरोखरच कॅल्शियमचा पट्टा येतो. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्या तज्ज्ञांना या महिन्यातच भेटून तेल काढायचे की ठेवायचे, हे विचारून घ्यावे.